इहीणबाईंची तहान

आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट तुम्हाला पटायची नाही. आजवर मी सांगितलेल्या ज्या ज्या गोष्टी लोकांना पटल्या, त्या सगळ्या मी बसल्या जागी रचलेल्या होत्या. आणि हिचा मात्र शब्दन्‌शब्द खरा, तर हिच्या पहिल्याच वाक्याला माणसं उठून चपला शोधायला लागतात. तुम्हीही शोधा. पण वाक्य तेवढं ऐकून घ्या : सन दोन हजार एक्केचाळीसच्या मे महिन्यात अंबादास तायडे नावाच्या माणसाला सलग पाच दिवस त्याच्या विहिणीची तहान लागली होती. तहान तिची, घसा ह्याचा.

बसा. चपला कुठं जात नाहीत.

त्या साली अकोटच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याकडं जाणारा रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं. ऊन कसं होतं म्हणाल, तर माणसाची सावली सकाळी दहालाच पायाखाली दडून बसायची आणि चारपर्यंत बाहेर यायला राजी नसायची. वरून हे ऊन, खालून दीडशे अंशांचं डांबर, आणि मधे अंबादास, हातात लांब दांड्याचं दाताळं घेऊन. डांबर पसरायला मोठं यंत्र होतं, पण त्याच्या मागं कडा सारख्या करायचं काम एक्केचाळीस सालीही माणसांकडंच होतं. कारण त्या कामाला यंत्र लावलं तर ते तापून बंद पडे आणि दुसरं लवकर मिळत नसे. माणूस तापून बंद पडला तर दुसरा मिळे.

टोळीत अठरा जण. अकरा बाप्ये, सात बाया. बायांमध्ये पंचफुलाबाई इंगळे, डोक्यावर खडीचं घमेलं. हिची लेक आदल्याच वर्षी अंबादासच्या मुलाला दिलेली. म्हणजे ही त्याची विहीण, तिकडच्या बोलीत इहीण. आणि तो तिचा इवाई. आता इवाई आणि इहीण एका टोळीत खडी टाकतात म्हणून काय झालं? रीत ती रीत. पदर कपाळाच्या खाली, नजर जमिनीला, आणि बोलायचं झालं तर तिसऱ्यामार्फत. तीन फुटांवर उभं राहून "इवाईले सांगा, बाजूले सरका" असा निरोप मुकादमाकडं द्यायचा आणि मुकादमानं तो मोठ्यानं पोचवायचा. या पद्धतीनं वर्षभर दोघांचं छान चाललं होतं.

मग पुण्याहून तन्वी मॅडम आल्या, जीपमधून दोन खोकी घेऊन.

मॅडम कंपनीच्या इंजिनिअर, वय पंचवीस-सव्वीस, गालांवर पांढऱ्या मलमाचे पट्टे. त्यांनी सगळ्यांना ताडपत्रीखाली बसवलं आणि प्रत्येकाच्या दंडाला एक पट्टी बांधली. ही पट्टी घाम चाखायची. घामात मीठ किती, नाडी कशी, कातडी किती तापली, यावरून अंगातलं पाणी किती गेलं ते ओळखायची. ठीक असलं तर हिरवा दिवा, फार गेलं तर लाल. यात नवीन काही नव्हतं. अशा पट्ट्या दहा वर्षं चालू होत्या; पाणी कमी झालं की दंडावर थरथरायच्या आणि माणसं त्यांना डास मारावा तशी चापट मारून गप्प करायची. पलीकडच्या टोळीत एकानं तर आपली पट्टी रेडकाच्या पायाला बांधली. त्या महिन्यात कंपनीच्या कागदावर सगळ्यात तब्येतीचा कामगार ते रेडकू होतं.

"म्हणूनच हे नवीन आहे," मॅडम दुसरं खोकं उघडत म्हणाल्या. आत कानाला लावायचे छोटे चाप. "तहान मुळात उशिरा लागते. तुमचा घसा कोरडा पडतो तोवर लीटरभर पाणी घामातून गेलेलं असतं. आणि लागली तरी तुम्ही काय म्हणता? एवढी कड झाली की पिऊ. स्वतःची तहान माणूस रेटून नेतो. म्हणून आम्ही जोड्या लावल्या आहेत. तुमच्या जोडीदाराच्या अंगातलं पाणी कमी झालं की तहान तुम्हाला लागेल. दुसऱ्याची तहान कुणी रेटून नेत नाही. तुम्ही त्याला ओरडून ओरडून पाणी पाजाल."

अंबादासनं हात वर केला. "म्हंजे याची तहान मले?"

"हो."

"आन्‌ माही?"

"त्यांना."

"मंग ज्याची त्याले काऊन नाई देत? सरळ हाय ना!"

मॅडमनी उसासा टाकून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

या चापाचं शास्त्र तुम्हाला दोन शब्दांत सांगतो, नाही तर म्हणाल म्हातारा जादूटोणा सांगतोय. पोटापासून छाती-घशातून मेंदूपर्यंत एक मोठा मज्जातंतू जातो. पोट भरलं, घसा ओला झाला, असले निरोप तो वर पोचवतो. याच मज्जातंतूची एक बारीक फांदी कानाच्या आतल्या खोलगट भागात येऊन संपते. तिथं विशिष्ट ठेक्यात इवलासा विजेचा प्रवाह सोडला की मेंदूला वाटतं, निरोप घशाकडूनच आला : कोरड पडली, पाणी पाठवा. एरवी दोन घोट गिळले की मेंदू लगेच समाधान मानतो, पाणी रक्तात पोचायचीही वाट बघत नाही. पण चापाचा ठेका दोन घोटांनी थांबत नसे. तो थांबे जोडीदाराच्या पट्टीला पाणी कळल्यावर. बाप्ये त्या चापाला बाळी म्हणू लागले आणि बाया कुडी.

जोड्या कॉम्प्युटरनं लावल्या. नातेवाईक एकमेकांची जास्त काळजी घेतात असं त्याला कुणीतरी शिकवलं होतं. जोडी क्रमांक सात : अंबादास तायडे, पंचफुलाबाई इंगळे.

"आणि एक," जाता जाता मॅडम म्हणाल्या, "ज्याची पट्टी रोज लाल राहील त्याचं नाव लाल यादीत जाईल. त्याला या हंगामात कुठल्याही रस्त्यावर काम मिळणार नाही. हे तुमच्या जिवासाठीच आहे."

पहिल्या दिवशी साडेआठलाच अंबादासच्या घशात कुणीतरी वाळू ओतली. तो दाताळं टाकून टाकीकडं पळाला आणि तीन मग पाणी प्याला. पाणी घशाखाली उतरलं, पोटात डुचमळलं, आणि घसा होता तसाच. आणखी दोन मग. तसाच. वळून पाहतो तर पंचफुलाबाई घमेलं घेऊन टाकीच्या अगदी अंगावरून गेल्या. ओठ पांढरे पडलेले. टाकीकडं बघितलंसुद्धा नाही.

"शालिग्रामभाऊ," तो मुकादमाला म्हणाला, "इहीनबाईले म्हना, पानी पे म्हनाव."

शालिग्राम मुकादम खुर्चीतूनच ओरडला, "ओ पंचफुलाबाई, इवाई म्हनते पानी प्या!"

पदराआडून उत्तर आलं, "इवाईले म्हना, मले तहान नाई."

"तहान नाई?" अंबादास किंचाळला. "असन कशी? तिची तहान माह्यापाशी हाय ना!"

सगळी टोळी हसली. तुम्हीही हसताय. हसा. पण त्या माणसाचा विचार करा. दुपारी दोनला काम सुटलं, मुकादमानं किल्ली फिरवून बाळी काढली, तेव्हा कुठं घसा एकदम ओला झाला. तोवर तो सात लीटर पाणी पिऊन बसला होता आणि चालताना आतून पखालीसारखा वाजत होता. विहीणबाईंची कुडी मात्र दिवसभर गप्प. कशाला बोलेल? जोडीदार काठोकाठ भरलेला!

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. अंबादासनं सगळे उपाय केले. पाण्याचा मग भरून विहिणीच्या वाटेत ठेवला. तिनं तो उचलून बाजूच्या बाईच्या घमेल्याजवळ ठेवला. लिंबू-मीठ-साखरेचं सरबत करून पाठवलं, निरोप आला, "इवाईले म्हना, लय चांगलं झालं असन, तुमीच प्या." तेही तोच प्याला. बाळी ओढून काढायला गेला तर मुकादम म्हणाला, बाळी काढलीस तर घरचा रस्ता धर.

आणि मग त्याला आठवलं लग्न. लग्नात वरपक्षाला थंड पाणी मिळालं नाही म्हणून यानंच मांडवात भांडं आपटलं होतं. चारशे माणसांसमोर. "इहीनबाई, लेक देता, पन साधं गार पानी देववत नाई तुमच्यानं!" असं बोलला होता. हां! म्हणजे बाई सूड उगवतेय. गार पाणी पाहिजे होतं ना? घे. पी. मरेस्तोवर पी.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला तो धुमसतच. बायको, मंदा, चुलीपुढं भाकरी थापत होती. गॅस होता, पण भाकरी चुलीवरचीच, यावर ती ठाम होती.

"तुह्या इहिनीनं मले पान्यात बुडवून मारन्याचा बेत केला हाय," तो म्हणाला.

"काय झालं?"

त्यानं सगळं सांगितलं. लग्नातलं भांडंही सांगितलं. मंदानं भाकरी तव्यावर टाकली, हात झटकले आणि नवऱ्याकडं असं पाहिलं, जणू पंचवीस वर्षं आपण कुणाबरोबर काढली हे ती नव्यानं तपासतेय.

"तुमाले खरंच नाई समजत?"

"काय?"

"अठरा मानसं काम करता. बाया कुठी जाता?"

"कुठी जाता म्हंजे?"

"अवो, लघवीले कुठी जाता?"

हे अंबादासच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बाभळी होत्या, त्या रुंदीकरणात गेल्या. वावरं मोकळी, कापूस कधीचाच उपटलेला, नजर जाईल तिथवर काळी सपाट जमीन. लोखंडी पत्र्याची संडासाची पेटी कंपनीनं दिली होती, नाही असं नाही. पण ती पहिल्या मुक्कामाला ठेवलेली. रस्ता पुढं सरकत गेला, पेटी मागंच राहिली. आता नऊ किलोमीटर मागं होती. पूर्वी रोलरच्या आड, मुरमाच्या ढिगाआड बसता यायचं. आता दर पाव तासाला मोजमाप घ्यायला ड्रोन घरघरत यायचा आणि साऱ्या कामाचा फोटो काढून जायचा.

"मी कापूस येचाले जात होती," मंदा म्हणाली, "तवा सकाऊन अर्धा कप चा घेतला की संध्याकायपर्यंत घोट नाई. साऱ्याच बाया तशाच. मानसाईचं काय, पाठ फिरवली की झालं."

"मंग सांगत काऊन नाई ती?"

"कोनाले सांगन? तुमाले? इवायाले?" मंदानं भाकरी उलटवली. "आन्‌ म्हने सूड घेऊन रायली! तुमच्यासाठी कोनी एवढी तहान मारन का?"

पाचव्या दिवशी सकाळी अंबादास मुकादमापुढं उभा राहिला. रागानंच, पण राग कुणावर ते आता त्याचं त्यालाच नीट कळत नव्हतं.

"शालिग्रामभाऊ, ते संडासाची पेटी पुढं आना."

"कायले?"

अंबादासनं तोंड उघडलं. आता काय सांगणार? इहीणबाईंना लघवीला जायला जागा नाही, असं इवायानं चारचौघांत म्हणायचं? जीभ टाळूला चिकटली, आणि या खेपेला बाळीमुळं नाही.

"मले लागते," तो म्हणाला.

"तुले? अबे, एवढं वावर हाय आजूबाजूले! पाह्यजे तेवढं घे."

"मले लाज वाटते."

मुकादम खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. बाप्ये दाताळी टेकून हसले. पन्नाशीचा माणूस, याला लाज वाटते! एका मिशीवाल्यानं तर त्याला पदर घ्यायचा सल्ला दिला. सातही बाया मात्र हसल्या नाहीत. त्या खडी भरत राहिल्या.

"पेटी आनाले टॅक्टरचं टेलर लागते, टेलरले परवाना लागते," मुकादम डोळे पुसत म्हणाला. "पुढच्या मुक्कामाले पाहू."

त्या दिवशी एक्केचाळीस सालातला सगळ्यात कडक ऊन पडलं. नऊपासून अंबादासचा घसा असा पेटला की त्यानं मोजणं सोडून दिलं. दंडावरच्या पट्टीनं मात्र मोजलं : अकरा लीटर. मीठ-साखरेची पुडी दिवसाला एकच मिळे, ती सकाळीच संपलेली. बाकी सगळं निव्वळ पाणी. साडेबाराला त्याला उलटी झाली. मग त्याला समोरून एकाच्या जागी दोन रोलर येताना दिसले, मग दोन रोलरच्या जागी वरातीतला बँड दिसला, आणि त्या बँडला वाट करून द्यायला म्हणून तो बाजूला सरकला तो थेट आडवाच झाला.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मंदाला समजावलं. "पाणी कमी पडून माणूस मरतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. नुसतं पाणी जास्त झालं तरी मरतो. घामातून मीठ जातं. वरून हे अकरा लीटर! रक्तातलं मीठ पातळ झालं की पाणी पेशींमध्ये शिरतं आणि त्या फुगतात. बाकी अंग फुगलं तर निभतं. मेंदूला मात्र कवटीत फुगायला जागा नसते. आणखी तासभर उशीर झाला असता, तर मी तुम्हाला हे वेगळ्या आवाजात सांगत असतो."

मिठाची सलाईन चढली आणि सातव्या दिवशी अंबादास कामावर परतला. ताडपत्रीखाली तन्वी मॅडम टॅब्लेट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पुण्याहून रातोरात आल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर या वेळी मलम नव्हतं. मुकादम खुर्ची सोडून उभा. टोळी भोवती बसलेली. बाया एका कडेला.

"काका, आधी तब्येत कशी आहे?"

"बरी हाय. माहं काय!"

"हे बघा," मॅडमनी टॅब्लेट फिरवला. "बाप्यांच्या जोड्या हिरव्या. बायांच्या तीन जोड्यांच्या पट्ट्या पहिल्याच दिवशी सगळ्या लाल आल्या. सहाच्या सहा एकदम लाल कशा येतील? म्हणजे बायांच्या घामाची मोजणी चुकतेय. ती मी त्याच दिवशी सैल करून घेतली, आता त्याही हिरव्या आहेत. राहिली तुमची जोडी. एक पुरुष, एक बाई, म्हणून हिची मोजणी जशीच्या तशी ठेवली होती. पंचफुलाबाईंची पट्टी पाचही दिवस लाल. आता मला एवढंच लिहून द्यायचंय. पट्टी खरी असेल, तर त्यांनी पाणी घेतलं नाही आणि त्यांचं नाव आज लाल यादीत जाईल. त्या पाणी पीत असतील, तर पट्टी बिघडली आहे. तुम्ही शेजारी होता. त्या पाणी पीत होत्या का?"

अंबादासनं कडेला नजर टाकली नाही. टाकायची रीतच नव्हती. पण पंचफुलाबाईंच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तिची लेक त्याच्याच घरात भाकरी वाढत होती.

"पेत होत्या," तो म्हणाला.

"नक्की?"

"माह्या डोयानं पाह्यलं. सकाऊन आल्या आल्या दोन मग."

"पट्टीत ते दिसत नाही."

"मंग पट्टीच खराब. नऊ वाजता पुन्हा दोन. दहाले ताक. घरून आनत होत्या, बरनीत. इतकं घट्ट ताक, की मुकादमबी मांगून रायला होता."

मुकादम टोपीनं वारा घेऊ लागला.

"आणि तुम्ही अकरा लीटर का प्यालात? बाळीनं सांगितलं म्हणूनच ना?"

"नाई, नाई. बाळीचं काई नाई. मले पानी आवडते. लहानपनापासून. माहा आजा तर एका बैठकीत अर्धी घागर पेत होता."

"हौसेनं प्यालात?"

"हौसेनं."

मॅडमनी टॅब्लेट पुन्हा मांडीवर घेतला. "काका, हे मी असं लिहिलं तर काय होईल माहीत आहे का? हौसेनं एवढं पाणी पिऊन जो माणूस जीव धोक्यात घालतो, त्याला मला उन्हात ठेवता येणार नाही. लाल यादीत तुमचं नाव जाईल."

"लिहा," अंबादास चिडून म्हणाला. त्याला या पट्टीचा, बाळीचा, मुकादमाचा, स्वतःच्या आज्याचासुद्धा कंटाळा आला होता. "लिहा आन्‌ मोकळ्या व्हा. कुठी अंगठा देऊ?"

मॅडमनी टॅब्लेट पुढं केला. त्यानं अंगठा उचलला.

तेवढ्यात कडेला बसलेल्या बाया हलल्या. पंचफुलाबाई उठून पुढं आल्या. मुकादमाकडं त्यांनी निरोप दिला नाही. पदर कपाळावरून मागं सारला, आणि वर्षभरात पहिल्यांदा इवायाच्या तोंडाकडं सरळ बघून, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलल्या :

"खोटं बोलता इवाई तुमी! कोनतं ताक? म्या पाच दिवस कामावर पान्याचा थेंब घेतला नाई. अठी बाईले बसाले आडोसा नाई, आन्‌ वरतून ते यंत्र फोटो काढते, म्हनून नाई घेतला. आन्‌ मॅडम, तुमीबी चुकल्या. ह्या सहा जनीबी नाई पेत. तुमची पट्टी पहिल्या दिवशी खरंच सांगत होती."